नव्या घरात पुन्हा पुन्हा निघणारी वाळवी: आधी तिची वाट शोधा, मग औषध मारा

लक्षणं

वास्तुशांत होऊन वर्ष-दोन वर्षंच झाली आहेत आणि घरात यातलं काही दिसू लागलंय:

- स्कर्टिंगवरून, चौकटीच्या कडेने किंवा जोत्याच्या बाहेरच्या अंगाने मातीची रेघ वर चढली आहे. रुंदी अर्धा ते एक सेंटिमीटर, भिंतीला घट्ट चिकटलेली, आतून पोकळ.
- चौकटीचा तळ ठोकला की पोकळ वाजतो. वरचा रंग शाबूत, पण अंगठ्याने दाबला की आत जातो.
- भिंतीतल्या कपाटाच्या मागच्या प्लायला, फायलींना, भिंतीवरच्या फोटोच्या पाठीला माती लागली आहे.
- स्विचबोर्डाच्या कडेने ओलसर माती बाहेर डोकावते.
- पहिल्या पावसानंतर उंबरठ्याशी किंवा खिडकीखाली पंखांचा खच पडला आहे.
- औषध मारलं, रेघ वाळली, आणि दोन-तीन महिन्यांत दुसऱ्याच खोलीत नवी निघाली.

शेवटच्या लक्षणासाठीच हे लिहितो आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात घरबांधणीची आणि दुरुस्तीची कामं करतो. जांभ्याच्या चिऱ्याची घरं, आरसीसीचे बंगले, पुण्या-मुंबईच्या मंडळींनी गावी बांधलेली सुट्टीची घरं, सगळीकडे हाच प्रकार बघतो. लोकांनी औषधावर तीन-तीन वेळा पैसे घातलेले असतात आणि वाळवी येते कुठून हे एकदाही पाहिलेलं नसतं. रेघ दिसते तिथे वाळवी राहत नाही. ती जमिनीत राहते आणि त्या वाटेने फक्त ये-जा करते. वाट आणि पाणी जागच्या जागी ठेवून भिंतीवर औषध मारलं, तर ती शेजारून नवी वाट काढणारच.

आधी खात्री करा, ही वाळवीच आहे ना

पावसाळ्यात कुंभारीण माशी भिंतीवर, पंख्याच्या हुकावर, दाराच्या कोपऱ्यात मातीचे गोळे चिकटवते. ते बघून घाबरलेल्या लोकांचे फोन दरवर्षी येतात. कुंभारणीचं घर म्हणजे एका जागचा गोळा असतो. वाळवीची रेघ जमिनीकडून कुठेतरी जाते. लादीच्या सांध्यातून भुसभुशीत, सुटी माती वर आली असेल तर ती बहुधा मुंग्यांची. वाळवीची माती थुंकीने बांधलेली असते, फुंकरीने उडत नाही. भिंतीला पांढरा खार फुटला असेल आणि प्लास्टर गळत असेल, तर तो ओलीचा प्रश्न आहे. पण त्याची नोंद ठेवा, खाली तो परत लागेल.

पंख तपासायचे तर एक अख्खा किडा पकडा. वाळवीचे चारही पंख एका लांबीचे असतात, कंबर सरळ जाड असते आणि मिशा सरळ असतात. उडत्या मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. आणखी एक गोष्ट बघा. बाहेरच्या दिव्यावर पंखवाली वाळवी आली तर ती आजूबाजूच्या रानातली असू शकते, जूनमध्ये ती सगळ्यांच्याच दिव्यावर येते. मात्र दारं-खिडक्या बंद असताना चौकटीच्या फटीतून किंवा लादीच्या सांध्यातून ती आत निघाली, तर वस्ती घराखाली आहे असं धरून चाला.

शेवटचा फरक चुकला तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. लाकडाखाली रव्यासारखे कोरडे दाणे पडतात, मातीचा मागमूस नाही, आणि भिंगातून पाहिलं तर दाण्याला सहा बाजू दिसतात. ही कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीशी आणि पाण्याशी देणंघेणं नसतं, ती त्या लाकडातच राहते. जमिनीला कितीही औषध पाजलं तरी तिला काही होत नाही, त्या लाकडावरच उपचार करावा लागतो. दाण्यांऐवजी मऊ पिठासारखा भुस्सा पडत असेल आणि लाकडाला बारीक गोल भोकं असतील, तर ती वाळवीच नाही. ते लाकूड पोखरणारे भुंगे आहेत. पुढचं सगळं जमिनीतून मातीच्या वाटेने येणाऱ्या वाळवीबद्दल आहे.

नव्या घरात का येते

‘नवीन घर आहे, सिमेंटचं आहे, वाळवी कशी लागेल?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी ऐकतो. वाळवी सिमेंट खात नाही, पण दीड-दोन मिलिमीटरची फट तिला पुरते. आणि ती घराबरोबर आलेली नसते. पंखवाल्या जोडीने जमिनीत घरटं सुरू केलं तर त्याची मोठी वस्ती व्हायला काही वर्षं जातात. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच तुमची चौकट खाल्ली गेली असेल, तर ती वस्ती घर बांधण्याआधीपासून त्या जमिनीत आहे.

आमच्याकडे घरासाठी जागा साफ करतात म्हणजे आंबा-काजूची झाडं वरून तोडतात आणि जेसीबीने जमीन सपाट करतात. मुळं आणि खोडाचे बुंधे तसेच भरावाखाली जातात. वाळवी त्या मुळांवर जगत होती. वरचं झाड गेलं, मुळं संपत आली, की तिला पुढचं लाकूड सापडतं ते तुमच्या दाराचं. भर म्हणून बांधकामाचं पाणी. चौथऱ्याच्या भरावात मुरलेली ओल महिनोन् महिने टिकते, आणि पहिल्या पावसाळ्यात भराव बसला की कोब्याखाली पोकळी राहते. अंधार, ओल आणि मोकळी जागा तिथे आयती तयार होते.

कोकणातली पुष्कळशी वाळवी वारुळात बुरशी पिकवणारी आहे. श्रावणाच्या आसपास वारुळावर जी अळंबी उगवतात, ती याच बुरशीची. तुमच्या अंगणात एका ठिकाणी दरवर्षी अशी अळंबी येत असतील, तर खाली जिवंत वस्ती आहे एवढं नक्की समजा. म्हणून वारूळ फोडायला धावू नका. सिंधुदुर्ग-गोव्याकडे सातेरी देवीचं रूप म्हणून वारुळाची पूजा होते, नागपंचमीलाही होते. जिथे भावना आहे तिथे ते फोडायची गरजही नाही. घराभोवतीची आडकाठी, म्हणजे पुढे सांगतो ती मोकळी पट्टी आणि औषधाचा थर, नीट असली तर दूरचं वारूळ तुमचं काही बिघडवत नाही.

पहिली तपासणी: रेघ मोडून बघा

खर्च शून्य. टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि पेन्सिल घ्या. रेघेचा मधला दोन इंच तुकडा काढा, वरचा आणि खालचा भाग तसाच ठेवा. पांढुरके किडे धावताना दिसले तर वाट चालू आहे. नाही दिसले तरी बाजूला भिंतीवर तारीख लिहा आणि दोन ते चार दिवसांनी परत बघा. तुकडा भरून काढलेला असेल तर चालू, तसाच असेल तर बहुधा सोडून दिलेली वाट. सोडलेल्या वाटेवर औषध मारण्यात अर्थ नाही.

सगळी रेघ खरवडून, पुसून, वर रंग मारू नका. पाहुणे यायच्या आधी लोक नेमकं हेच करतात. ती रेघ म्हणजे वाळवी कुठल्या फटीतून वर आली हे सांगणारा एकमेव पुरावा. खालच्या टोकापर्यंत टॉर्च मारत जा. ती लादीच्या कुठल्या सांध्यात, कुठल्या पाइपच्या कडेला, कुठल्या चौकटीच्या पायाशी संपते ते कागदावर घराचा आराखडा काढून लिहा. चिऱ्याच्या घरात कधी कधी जमिनीलगत काहीच नसतं आणि रेघ एकदम लिंटेलजवळ (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीजवळ) निघते. चिऱ्याच्या आतल्या भोकांतून आणि सांध्यांतून ती भिंतीच्या पोटातून वर आलेली असते. अशा वेळी त्याच भिंतीच्या बाहेरच्या बाजूचा पाया आधी तपासा.

बाजारातला फवाऱ्याचा डबा आत्ता वापरू नका. त्यातली बहुतेक औषधं वाळवीला दूर पळवतात. समोरची शे-दोनशे मरतात, बाकीची ती वाट आतून बंद करून दुसरीकडून निघतात आणि तुमचा नकाशा निरुपयोगी होतो. रॉकेलचंही तेच, वर घराला आगीचा धोका. आणि जोत्यात किंवा भिंतीत मीठ तर अजिबात घालू नका. मिठाने ओल खेचली जाते आणि काँक्रीटमधलं लोखंड गंजतं. वाळवी गेली तरी स्लॅबचं दुखणं मागे राहतं.

दुसरी: घराभोवतीची दोन फूट पट्टी

घराला बाहेरून एक फेरी मारा. भिंतीपासून दोन फुटांच्या आत जमीन आणि भिंत दोघांनाही टेकलेलं लाकूड, कागद, गवत असं काहीही आहे का, एवढंच बघायचं. सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या, बांबू, सिमेंटच्या कागदी पिशव्या, सरपणाचा ढीग, नारळाची सोडणं, जुन्या दाराची फळी ही नव्या घराच्या मागच्या अंगाला हमखास असतात. पावसाची झड अडवायला पडवीला लावलेले नारळीचे झाप हा आमच्याकडचा खास पूल. खालून जमिनीला टेकलेले, वरून वाशाला बांधलेले. चार महिने त्यांच्या आड कोणी बघत नाही. झाप लावायचेच असतील तर तळ जमिनीपासून निदान वीतभर वर ठेवा आणि पावसाळा संपला की लगेच काढा.

जोतं उघडं दिसलं पाहिजे. बागेसाठी भिंतीला टेकून लाल माती चढवली की वाळवीला उजेडात न येता थेट लादीच्या उंचीला पोचता येतं. जोत्याला बाहेरून शोभेचा दगड चिकटवला असेल तर दगड आणि भिंत यांच्यामधली पोकळीही तशीच आडोशाची, तिथे वरच्या कडेवर नजर ठेवा. माती उतरवा, कुंड्या सरकवा, पट्टीवर खडी किंवा कोबा करा. कामाला एक दिवस आणि एक मजूर लागतो. यानंतर रेघ निघालीच तर ती उघड्या जोत्यावर तुम्हाला दिसेल, आणि ती दिसणं हाच या पट्टीचा मोठा उपयोग आहे.

घराच्या आतही एक जागा अशीच असते. जिन्याखालची अडगळ, जिथे नवी खोकी, उरलेल्या लाद्यांचे पुठ्ठे आणि प्लायचे तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. सगळं बाहेर काढा.

तिसरी: पाणी

मी सर्वात जास्त वेळ इथे घालवतो, कारण पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाळवीच्या मागे बहुतेक वेळा पाणी सापडतं. जमिनीतल्या वाळवीची कातडी पातळ असते, ओल नसली तर ती वाळून मरते. म्हणूनच ती मातीचा बोगदा बांधून आतून चालते. घरात कायमची ओलसर जागा असेल तर तिला ओलीसाठी परत जमिनीत उतरायचीही गरज उरत नाही.

मघाशी काढलेला नकाशा घ्या आणि रेघा कुठे जमतात ते बघा. न्हाणीघर आणि बेडरूम यांच्यामधली भिंत, स्वयंपाकघराच्या सिंकमागची भिंत, वॉशिंग मशीनचा कोपरा, देवघर जर मोरीच्या पाठीला असेल तर देवघर. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी किंवा मीटरचा आकडा लिहा, सकाळी कोणी पाणी वापरायच्या आधी परत बघा. उतरला असेल तर पाइप गळतोय. पातळी तीच असेल तर सांडपाण्याची बाजू तपासा. न्हाणी ट्रॅपच्या भोवतीचा सांधा, कमोडचा तळ, सिंकखालचा पाइप हे नीट बघा. ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतून पलीकडच्या भिंतीच्या पायथ्याला तासाभराने हात लावा.

बाहेर एसीचं पाणी भिंतीच्या पायाशी ठिबकतंय का, पन्हळीचा पाइप जोत्यालगत सोडलाय का, पागोळ्यांचं पाणी पायाशी खड्डा करतंय का ते बघा. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात पायाशी साठणारं पाणी औषधाचा थरही धुऊन नेतं. पन्हळ दूर न्या, जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या.

देवरुखजवळच्या एका घरात वाळवीसाठी दरवर्षी औषध मारलं जात होतं. गळका ट्रॅप बदलल्यावर आणि भिंत वाळल्यावर तीच भिंत शांत झाली, त्या भिंतीला नवीन औषध लागलंही नाही. दर वेळी असं होईल असं म्हणत नाही. पण गळती तशीच ठेवून औषधाला पैसे देऊ नका, हे मात्र प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

चौथी: पाइप, वायर आणि फटी

लादीतून किंवा भिंतीतून जिथे जिथे काही आरपार जातं, तिथे फट असते. पाण्याचा पाइप, ड्रेनेज, अर्थिंगची तार, मोटारीची केबल, गॅसचा पाइप. ट्रॉलीच्या खालची पट्टी काढून सिंकखालचा पाइप जमिनीत शिरतो ती जागा बघा, बहुतेक स्वयंपाकघरांत तिथे बुच नसतंच, पाइपभोवती मूठभर वाळू असते. जोतं आणि बाहेरचा कोबा यांच्यातली भेगही पावसाळ्यानंतर उघडते.

फटी भरा, पण चालू वाट असलेली फट उपचाराच्या आधी भरू नका. बाकीच्या सिमेंट-ग्राऊटने किंवा सीलंटने बंद करा. नुसत्या भरण्याने वाळवी थांबेल असं नाही, पण तिच्या वाटा कमी होतात आणि पुढे किती जागी उपचार करायचा ते ठरतं.

स्विचबोर्डात माती दिसली तर हात घालू नका. भिंतीतल्या वायरिंगचे पाइप जमिनीपासून छतापर्यंत कोरडा, अंधारा रस्ता देतात, म्हणूनच वाळवी कधी कधी एकदम पंख्याच्या बोर्डापाशी निघते. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. बोर्डात किंवा वायरिंगच्या पाइपात पाण्यात मिसळलेलं औषध कधीही ओतायचं नाही.

पाचवी: बांधकामाची कागदपत्रं

ठेकेदार म्हणतो, ‘अँटी-टर्माइट केलं होतं.’ केलं असेलही. किती केलं ते आकड्यांवरून कळतं. भारतीय मानक आयएस ६३१३ चा दुसरा भाग बांधकामाच्या वेळच्या उपचाराबद्दल आहे. त्यानुसार कोबा टाकण्याआधी चौथऱ्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर मिश्रण जायला हवं. पायाच्या भिंतीलगतच्या भरावाला उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७.५ लिटर. १००० चौरस फुटांचा चौथरा म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे फक्त वरच्या भरावालाच ४६५ लिटर मिश्रण.

आता बिल बघा. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर ते १ टक्क्यावर आणायला १ भाग औषधाला १९ भाग पाणी लागतं, म्हणजे त्या ४६५ लिटरला साधारण २३ लिटर मूळ औषध. पाच लिटरचा एक डबा आणून तासाभरात काम उरकलं असेल, तर औषध भरावाच्या वरच्या इंचभरही गेलेलं नाही. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर ते लिटरला २.१ मिलिलिटर पडतं, त्यामुळे लिटरभर औषधातही चौथरा भागतो. म्हणून नुसता डब्याचा आकार बघून भांडू नका. औषधाचं नाव, टक्का आणि एकूण किती लिटर मिश्रण ओतलं, हे तिन्ही विचारा.

दुसरा प्रश्न विचारा, उपचारानंतर कोणी खणलं का? नव्या घरात इथेच घोळ होतो. औषध झालं, मग प्लंबर आला आणि ड्रेनेजसाठी चर मारला, मग गेटच्या लाइटची केबल आली, मग सोलरच्या अर्थिंगचा खड्डा. औषधाचा थर सलग असेपर्यंतच कामाचा. फावडं लागलं तिथे दार उघडलं. ती जागा परत उपचार करून बुजवायची असते आणि तसं क्वचितच कोणी करतं. तुमच्या नकाशावरच्या रेघा आणि प्लंबरचे चर एकमेकांवर ठेवून बघा. पुष्कळदा जुळतात.

हमीचा कागद असेल तर ठेकेदाराला लेखी कळवा. आधी फोटो काढा, मग दुरुस्ती.

सहावी: चौकटी आणि कपाटं

चौकटीचे पाय लादीच्या खाली कोब्यात गाडलेले असतात आणि भिंतीकडची पाठ कोरी असते. पॉलिश दिसणाऱ्या बाजूलाच. सागाची चौकट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सागाचा गडद गाभा टिकतो, कडेचा पांढरट भाग वाळवी आवडीने खाते, आणि आजकाल मिळणाऱ्या कमी वयाच्या सागात तो भाग जास्त असतो. आंबा, सावर ही लाकडं तर तिच्यासाठी मऊच. प्लायवुडवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते त्यातल्या गोंदाबद्दल, वाळवीची हमी म्हणून ते धरू नका.

टोचा किंवा स्क्रूड्रायव्हर तळापासून वर दर चार इंचांवर दाबत जा. फक्त तळाचा वीतभर भाग गेला असेल तर सुतार तो कापून खाली ग्रॅनाइटचा तुकडा बसवू शकतो. त्यामुळे लाकूड जमिनीपासून कायमचं सुटतं. मला हा इलाज मनापासून आवडतो, दिसायलाही वाईट नाही. न्हाणीघराच्या चौकटीला मात्र पुन्हा लाकूड लावू नका. ग्रॅनाइट किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी) लावा. नवी चौकट बसवताना भिंतीकडच्या पाठीला आणि पायांना लाकूडरक्षक औषध किंवा डांबर लावल्याशिवाय बसवू देऊ नका.

कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा. भिंतीतलं असेल तर मागची प्लाय काढून भिंत बघा. चौकटीला ६ मिलिमीटरची तिरपी भोकं पाडून औषध भरतात ते काम ठीक आहे, पण ते एकटंच केलं तर ती एक चौकट वाचते, वाट तशीच राहते.

सातवी: जमिनीचा उपचार

इथवर सगळं करून रेघा येतच असतील, तर जमिनीला उपचार लागतो आणि तो तुम्ही करायचा नाही. आयएस ६३१३ चा तिसरा भाग उभ्या घरासाठी आहे. आतून लादी आणि भिंत मिळते त्या सांध्यावर साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात औषध जिरेल तेवढं, जास्तीत जास्त लिटरभर. मग भोकं बंद. बाहेरून जोत्यालगत चर किंवा सळईने भोकं पाडून तोच सलग पट्टा.

औषध कुठलं ते विचारून घ्या. बायफेन्थ्रिनसारखी काही औषधं वाळवीला अडवतात, म्हणून पट्ट्यात एक खंड राहिला तरी ती तिथून शिरते. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल तिला कळत नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लागलेलं औषध इतरांपर्यंत नेते. नव्या घरात, जिथे फर्निचरमुळे आणि महागड्या लाद्यांमुळे सगळीकडे भोकं पाडता येत नाहीत, तिथे मी न कळणारं औषध मागतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा आणि मध्येच फवारा मारू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- छपराचे वासे, आढं किंवा तुळई पोकळ वाजत असेल. आधी इंजिनियर, मग औषधवाला. त्या खोलीत झोपू नका.
- वायरिंगमध्ये माती असेल.
- एकापेक्षा जास्त खोल्यांत एकाच वेळी चालू वाटा असतील.
- विहीर, बोअरवेल किंवा जमिनीतली पाण्याची टाकी घराजवळ असेल. कोकणात ती असतेच. क्लोरपायरीफॉस, बायफेन्थ्रिन माशांना आणि पाण्यातल्या जिवांना अतिशय विषारी आहेत, आणि जांभ्यातून पाणी झरझर झिरपतं. विहिरीच्या बाजूला काय वापरायचं, किती अंतर सोडायचं, हे औषधवाल्याकडून लेखी घ्या. तो ‘काही होत नाही’ म्हणाला तर दुसरा बघा.
- घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल.
- सहा बाजूंचे कोरडे दाणे छतातून किंवा मोठ्या लाकडातून पडत असतील.

घरगुती पंपाने शेतीचं औषध आणून स्वतः लादीखाली सोडणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया नको. काम चालू असताना किंवा नंतर कोणाला घाम सुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, उलट्या झाल्या, तर औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच दवाखान्यात जा. डॉक्टरांना लेबलवरचं नाव लागतं.

काम देताना

कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना बघा, त्याची तारीख बघा. डबे तुमच्यासमोर, सीलबंद उघडायला सांगा आणि लेबलचा फोटो काढा. बिलावर औषधाचं नाव, टक्का, एकूण मिश्रणाचे लिटर, भोकांची संख्या आणि उपचार केलेल्या भिंतींचा आराखडा लिहून घ्या. तुमचा नकाशा त्याच्या हातात द्या. जो माणूस तो नकाशा न बघता थेट पंप सुरू करतो, त्याला काम देऊ नका. पाऊस चालू असताना किंवा जमीन चिंब असताना बाहेरचं काम करू देऊ नका, ओल्या जमिनीत औषध मुरत नाही, वाहून जातं. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पुढे ते नीट होतं.

हमीत ‘पाच वर्षं’ एवढंच नको. रेघ परत निघाली तर किती दिवसांत येणार, आणि फक्त त्या जागी की सगळ्या पट्ट्याला परत उपचार करणार, हे लिहून घ्या. मग वर्षातून दोन फेऱ्या तुमच्या, एक मे महिन्यात पावसाच्या तोंडावर, एक दिवाळीच्या आसपास. टॉर्च घेऊन उघड्या जोत्याभोवती, सिंकखाली, न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीला. आणि पुढे कोणीही घराजवळ कुदळ मारली, पाइपसाठी, केबलसाठी, झाडासाठी, तर त्याच आठवड्यात औषधवाल्याला फोन करून त्या तुकड्याला परत उपचार करून घ्या.